भरिताचे रविवार

गुरुजींचा सदरा धुवायला घेतला की आधी खिसा उलटा करायचा, ही माझी लग्नापासूनची सवय आहे. खिशात खडूचे तुकडे असत. पांढरे, कधी पिवळे, नखाएवढे झालेले. ते तसेच पाण्यात गेले तर शिवणीत लगदा बसतो आणि इस्त्री करताना पुन्हा पांढरा डाग येतो. म्हणून खिसा झटकायचा आणि तुकडे न्हाणीच्या खिडकीत ठेवायचे. ब्लाउज बेतताना कापडावर खूण करायला ते मला कामी येत. शिवणाचा खडू मी कधी विकत आणला नाही.

नवऱ्याचं नाव मी घेत नाही, लिहितानाही हात थांबतो. गाव यांना गुरुजी म्हणतं, म्हणून इथेही गुरुजीच लिहिते. मी स्वतः चौथी शिकले. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि मध्ये नाला होता, एवढंच कारण. माझं माहेर चोपड्याकडचं. लग्नानंतर धरणगावला आले ती इथलीच झाले. गुरुजींची शाळा इथून मोटारसायकलवर जायच्या अंतरावर, कपाशीच्या शेतांमधल्या एका खेड्यात आहे.

गुरुजींचं अक्षर फार सुंदर. त्या खेड्यात लग्न निघालं की घराच्या दर्शनी भिंतीवर नवरानवरीची नावं लिहायला यांनाच बोलावतात. शाळेतला फळा म्हणजे भिंतीलाच सिमेंटचा गिलावा करून काळा रंगवलेला. तो हे रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून, मग खालची पट्टी पुसून, मगच वर्गाला कुलूप लावत. खडूची भुकटी त्या पट्टीवर साचते. "खालची पट्टी स्वच्छ, तर वरचा फळा स्वच्छ," असं म्हणायचे. घरीही ओट्याची कड पुसायची राहिली की मला हेच ऐकायला मिळे.

त्या वर्षी दिवाळीनंतर गावाने लोकवर्गणी करून शाळेला डिजिटल फळा घेतला. भिंतीएवढा टीव्हीच म्हणा, पण बोटाने लिहिता येणारा. तो टांगायला जागा एकच होती, जुन्या फळ्याची. त्याच्यावरच तो बसला आणि काळी भिंत मागे झाकून गेली.

उद्घाटनाला मीही गेले होते. बायकांमध्ये मागे, खांबाच्या आडोशाला उभी होते. मला चारचौघांत पुढे व्हायला जमत नाही. फळ्याला झेंडूची माळ घातली होती, चौकटीवर ओल्या कुंकवाची बोटं ओढली, नारळ फुटला आणि सगळ्यांनी अक्षता टाकल्या. मुख्याध्यापक बाईंनी तर मूठ भरून टाकल्या. त्यांना शाळेत मोठ्या बाई म्हणतात. अंगाने ठसठशीत, तोंडाने फटकळ, मनाने बऱ्या. त्या म्हणाल्या, "पहिलं अक्षर गुरुजींनी काढायचं. एवढं सुंदर अक्षर दुसऱ्या कोणाचं आहे?"

गुरुजींनी बोटाने श्री काढला. टाळ्या झाल्या. घरी येताना हे मोटारसायकलवर गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात यांनी त्याच फळ्यावर बोट टेकवलं आणि फळा बिथरला. यांनी एक रेघ ओढावी, तर खाली आपोआप दुसरी उमटे. चित्र उघडे, मिटे, पान पुढे पळे. हात मागे घेतला तरी थांबेना. पोरं आधी गप्प बसली, मग हसायला लागली, मग बाकावर चढून हसायला लागली. शेजारच्या वर्गातून मोठ्या बाई आल्या, एक तरुण सर आले. त्यांना मी सावद्याचे सर म्हणते, कारण ते केळीवाल्या सावद्याचे आणि इथे खोली घेऊन एकटे राहतात. मोबाईल-कॉम्प्युटरचं त्यांना सगळं येतं. त्यांनी फळा बंद केला, चालू केला, आतलं काय काय उघडून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

"गुरुजी, नेमकं काय दाबलं तुम्ही?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"काहीच नाही. तारीख लिहीत होतो."

"काहीच नाही कसं? काल तर चांगला होता."

बाईंच्या मनात काही नसणार, पण ते वाक्य गावात फिरलं. फळा विकणारं दुकान दुरुस्तीला माणूस पाठवणार होतं, तो जळगावहून येतो येतो म्हणत होता. तोवर फळ्यावर चादर टाकली. पारावरचे एक आबा रोज यांची मोटारसायकल अडवून विचारत, "काय गुरुजी, नवा फळा रुसना का?" आणि हे काही बोलायच्या आत स्वतःच म्हणत, "आम्ही बठ्ठासनी वर्गणी दिधी, नि तो तुमनावरच रुसना!" वर्गणी सगळ्यांची आणि रुसवा एकट्या गुरुजींवर, असा आबांचा तो विनोद होता. गुरुजींना तो लागत होता.

एका संध्याकाळी हात धुता धुता हे मला म्हणाले, "मार्चपर्यंत बघतो. नाही जमलं तर घरी बसतो. नोकरीची वर्षं झाली पुरेशी. पोरी आपापल्या घरी आहेत."

मी म्हटलं, "जेवून घ्या."

पण त्या दिवसापासून माझ्या पोटात मार्च महिना बसला. घरी बसलेले गुरुजी माझ्या डोळ्यांपुढे येईनात. हा माणूस सुट्टीच्या दिवशी बाजारात गेला तर दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं बघत उभा राहतो. याने घरात बसून काय करावं? आणि त्यातलं सगळ्यात वाईट मला धुण्याच्या दगडावर कळलं. खिसा उलटा केला, त्यात काही नव्हतं. लिहायला भिंतच उरली नव्हती. हे पुस्तकातून तोंडी शिकवून येत होते. खिडकीतले जुने तुकडे मी वापरायचे थांबवले.

मग एका शनिवारी हे उशिरा आले. शनिवारी शाळा सकाळची असते, जेवायच्या वेळेला घरी येतात. मी ताट झाकून ठेवलं होतं. आले ते सरळ स्वयंपाकघरात, चप्पल बाहेर काढायचं भान नाही.

"हात पुढे कर."

मी हात पुढे केला. यांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि माझ्या तळहातावर उलटी केली. तांदळाचा एक दाणा पडला. कुंकवाने लाल झालेला.

"हा काय?"

"हा आपला वैरी. अक्षता."

झालं होतं असं. शाळा सुटल्यावर यांनी चादर नीट करायला घेतली आणि सवयीने खालची पट्टी पुसली. नव्या फळ्याला खडू नाही, भुकटी नाही, तरी हात गेलाच. चौकटीच्या खाचेत काहीतरी बोटाला टोचलं. बहुधा माळ काढताना घरंगळलेली अक्षता ओल्या कुंकवात चिकटून तिथे वाळली होती. ती काढली, सहज फळा चालू केला, तर फळा शांत. यांनी दाणा परत खाचेत ठेवला, फळा बिथरला. काढला, शांत. मग हा माणूस रिकाम्या शाळेत दाणा ठेवत आणि काढत बसला होता, म्हणून जेवायला उशीर.

सावद्याच्या सरांनी नंतर समजावून सांगितलं की चौकटीतून न दिसणारा उजेड आडवा-उभा जात असतो. बोट आडवं आलं की फळ्याला कळतं, इथे लिहायचं आहे. अक्षता आडवी आली, तर ते त्याच्यासाठी बोटच. तो बिचारा रात्रंदिवस त्या दाण्याचं ऐकत होता.

मोठ्या बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मूठभर मीच टाकल्या होत्या. म्हणजे माझीच असणार."

"गावाने टाकल्या बाई," गुरुजी म्हणाले. "नाव लिहिलेलं नाही तिच्यावर."

मला वाटलं, सुटलो. पण जेवताना हे म्हणाले, "फळा सुधारला. मी कुठे सुधारलो? तारीख लिहिण्यापलीकडे मला त्याच्यात काही येत नाही. मार्च आहे तिथेच आहे."

आमच्याकडे थंडीत भरीत असतं. हिरवी मोठी वांगी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर ठेचायची, वर शेंगदाणे, कांद्याची पात आणि मोकळ्या हाताने तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. सावद्याचे सर खानावळीत जेवत. एका रविवारी यांनी त्यांना भरीत खायला बोलावलं. जेवण झाल्यावर सरांनी आपला मोबाईल आमच्या टीव्हीला जोडला आणि फळ्यावर जे करायचं ते टीव्हीवर करून दाखवायला लागले. मी पडद्याआड भांडी घासत होते. मला एवढंच ऐकू येत होतं, "हे इथे, मग हे, मग झालं. कळलं?" आणि यांचं, "पुन्हा एकदा."

"आता तर दाखवलं गुरुजी."

"तुमचं केळीच्या ट्रकसारखं आहे. भरला की सुटला. मी अजून घड मोजतोय."

सर मोठ्याने हसले. मग हळू दाखवलं. गुरुजी एकेक गोष्ट गिरवल्यासारखी करत. एक जमल्याशिवाय दुसरीला हात लावत नसत. पुढच्या रविवारी पुन्हा भरीत. त्याच्या पुढच्याही.

शाळेत ही बातमी कशी पोचायची ती पोचली. मोठ्या बाई फणकारल्या, "तरुण पोराला भरीत, आणि आम्ही काय खिचडीवरच राहायचं?" यांनी त्यांनाही बोलावलं. बाई आल्या, जेवल्या, वांगी कुठून आणता ते विचारलं, मिरचीची तारीफ केली. टीव्हीचा विषय कोणी काढला नाही. हात धुऊन झाल्यावर बाई पर्स चाचपत म्हणाल्या, "अहो सर, माझ्या मोबाईलचं काहीतरी झालंय. बघता का जरा?"

मोबाईलला काही झालेलं नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं. पण शाळेत, पोरांसमोर, मुख्याध्यापिकेने मला येत नाही म्हणायचं कसं? आमच्या बैठकीत मात्र त्या भरीत खायला आल्या होत्या.

नंतर धरणगावच्याच उर्दू शाळेचे एक सर आले. यांची आणि त्यांची निवडणुकीच्या ड्युटीवरची जुनी ओळख. ते पिशवीभर वांगी घेऊन दारात उभे. "वहिनी, मामाच्या मळ्यातली आहेत. भाजून द्याल तर खाऊन जाईन." त्यांच्याही मोबाईलला जेवणानंतर काहीतरी झालं. हळूहळू रविवारी पाच-सहा माणसं होऊ लागली. मी भाकरी थापायची, पडद्याआडून वाढायला देत राहायची. सगळ्यांच्या मोबाईलला भरीत खाल्ल्यावरच काहीतरी व्हायचं.

गंमत अशी की शिकवायचे सावद्याचे सर, पण लोक वळायचे गुरुजींकडे. सरांना सगळं येत होतं, त्यामुळे कशाची भीती वाटते हे त्यांना कळत नव्हतं. यांना कालच जमलं होतं. मोठ्या बाई बोट मोबाईलच्या पडद्याजवळ नेऊन हवेतच धरून बसत. गरम तव्याला हात लावावा तशा.

"दाबा बाई."

"मोडलं तर?"

"मोडत नाही. बिथरलं तर अक्षता शोधू."

बाईंनी दाबलं. टीव्हीवर पाढे आले. बाई स्वतःवरच खूश होऊन म्हणाल्या, "एवढंच होतं होय? मग इतके दिवस हा सावद्याचा मुलगा मला का घाबरवत होता?"

"मी?" सर म्हणाले. "बाई, मी तुम्हाला घाबरतो!"

मी पडद्याआड हसले. कितीतरी दिवसांनी मला गुरुजींचा वर्गातला आवाज घरात ऐकू येत होता. शब्द तोडून, थांबून, मागच्या बाकापर्यंत पोचेल असा.

मग फोन यायला लागले. लोकवर्गणीचे फळे त्या सुमारास गावोगावी बसत होते आणि गावोगावी उद्घाटनं होत होती. कोणीतरी कोणाला सांगे की धरणगावला एक गुरुजी आहेत. फोन आला की हे विचारत, "उद्घाटन झालं का? नारळ फोडला? बरं, अक्षता टाकल्या?" पलीकडून काय येई ते कळत नसे, पण हे म्हणत, "खालची पट्टी पुसा. ओलं फडकं नको, मऊ, कोरडं. मग फोन करा." एका शाळेत अक्षता नव्हती, झेंडूची पाकळी होती. एका ठिकाणी फळ्याची पेन्सिल हरवू नये म्हणून कपाटात कुलूपबंद होती आणि कपाटाची किल्ली बदली झालेल्या सरांकडे गेली होती. त्याला यांच्याकडेही औषध नव्हतं. "बोटाने लिहा," एवढंच सांगितलं.

माझी मोठी बहीण धुळ्याला राहते. तिच्या मुलीचा साखरपुडा होता म्हणून आम्ही गेलो. मुलाकडची माणसं आली, ओटी भरायची वेळ झाली आणि गुरुजी मांडवात नाहीत. बहीण तणतणत माझ्याकडे आली.

"तुना मास्तर कोठे शे?"

"इथेच होते."

"आठे नही. पोरगीना साखरपुडा शे, नि हाऊ मानूस फळा दखाले गया!"

मुलाकडच्या एका पाहुण्यांची शाळा तिथून जवळच होती. बोलता बोलता फळ्याचा विषय निघाला आणि ते यांना सुट्टीच्या दिवशी कुलूप उघडून घेऊन गेले. परत आले तेव्हा पंगत बसली होती. यांच्या नव्या सदऱ्यावर धूळ, रुमाल फळ्यावरच्या हळदीने पिवळा. माझे भावजी म्हणाले, "या डॉक्टरसाहेब. पेशंट कसा आहे?"

"सुधारला," हे म्हणाले आणि पंगतीत बसले. मुलाकडचे पाहुणे यांना आग्रह करकरून जिलेबी वाढत होते. बहिणीचा राग टिकला नाही. निघताना मला म्हणाली, "पन मानूस खूश दखास वं."

मला माहीत होतं. तरीही मार्च माझ्या पोटातून गेला नव्हता. यांनी तो शब्द परत काढला नव्हता, आणि विचारायची मला भीती वाटत होती. न विचारलेलं बरं असं वाटायचं.

मार्च लागला. ऊन चढलं आणि वांगी संपली. उरली ती बारीक, बियांची. असं वांगं भाजलं तरी भरीत कडू होतं. त्या आठवड्यात मी मंडईत दोनदा जाऊन रिकाम्या हाताने आले. रविवारी सकाळी यांना सांगितलं, "आज भरीत नाही. लोकांना कळवा."

हे म्हणाले, "बरं," आणि कोणाला कळवलं नाही.

मला चैन पडेना. भरीत नाही म्हटल्यावर कोण कशाला येईल? बैठक झाडून ठेवली, टीव्हीवरचा कपडा काढला आणि परत घातला. हे पेपर वाचत होते, म्हणजे पेपर समोर धरून बसले होते. पान उलटत नव्हतं.

उन्हातून छत्री घेऊन मोठ्या बाई आल्या. दारातच म्हणाल्या, "वहिनी, आज वास नाही आला."

मी पडद्याआडून म्हटलं, "वांगी संपली बाई."

"संपू दे. मी काही खायला आले नाही. शिकायला आले आहे." आणि मागून येणाऱ्या सावद्याच्या सरांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाल्या, "शिकायला आले. लपवायचं काय त्यात? पाढे आले, आता मला गोष्ट दाखवता आली पाहिजे, आवाजासकट."

उर्दू शाळेचे सर आले, ते खरबूज घेऊन आले. "याचं भरीत होत नाही, माहीत आहे," म्हणाले. सगळे बसले. मी खरबूज कापून दिलं आणि परत फिरणार, तर मोठ्या बाईंनी माझा पदर धरला. "बसा इथे. थंडीभर आत उभ्या आहात." मी उंबऱ्याला टेकून बसले, निम्मी आत, निम्मी बाहेर.

बाईंनी टीव्हीवर गोष्ट लावली. आवाज आला. मग त्या सहज, शाळेचं काही आठवावं तसं बोलल्या, "गुरुजी, जूनपासून पहिली तुमच्याकडे देऊ का? या फळ्यावर अक्षरं गिरवून घ्यायला तुमच्याशिवाय कोण?"

माझ्या हातात सुरी होती. मी तिच्याकडे बघत राहिले.

गुरुजींनी टीव्हीकडे पाहिलं, मग एकदा माझ्याकडे. म्हणाले, "द्या. पण बाजूच्या भिंतीला काळा रंग मारून द्या. नुसतं बोटाने अक्षर वळत नाही. पोरांच्या हातात खडूही पाहिजे."

"देते. आणि त्याचं उद्घाटन?"

"करा. पण अक्षता तिकडेच टाका. या फळ्याकडे नकोत."

सगळे हसले. मी आत जाऊन सुरी धुतली. पाणी जरा जास्तच वेळ सोडून ठेवलं.

आता रविवारी येणारे बदलत असतात. उन्हाळ्यात आंब्याचा रस होतो, पावसाळ्यात भजी, पण कोणी खायला आलो असं म्हणत नाही. दार उघडंच असतं. मी उंबऱ्यावर बसते. अजून बैठकीत पुढे जाऊन बसायला जमत नाही, पण टीव्ही तिथूनही नीट दिसतो.

शाळा उघडल्यावर पहिल्यांदा सदरा धुवायला घेतला, त्या दिवशी खिसा उलटा केला. खडूचा पांढरा तुकडा निघाला, नखाएवढा. त्याच्याबरोबर मऊ कापडाची एक घडी. घडी उलगडली तर आत लाल अक्षतेचा एक दाणा. कुठल्या शाळेचा, ते मी विचारलं नाही. दाणा चिमण्यांना टाकला, खडू खिडकीत ठेवला आणि कापड सदऱ्याबरोबर धुऊन दोरीवर घातलं. सकाळी लागणार होतं.